हुशार मुलीचे खरे वय

ईशा आणि निहार, तुमच्या आईचा रविवारी फोन आला. नेहमीप्रमाणे तिने आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी केली आणि मग मुद्द्यावर आली. ईशाला पुढच्या वर्षी हुशार मुलांच्या सरकारी शाळेच्या परीक्षेला बसवायचे आहे. त्या शाळेत निवडक मुलेच घेतात, म्हणून दर शनिवारी तिला गाडीने तासभर लांबच्या एका क्लासला नेतात आणि तिथे तिच्याकडून हुशार असण्याचा सराव करून घेतात. मी विचारले, सरावाने हुशार होता येत असेल तर ती शाळा नेमकी कोणाला शोधते आहे? तुमची आई म्हणाली, "आई, तू प्रत्येक गोष्टीत खोट काढतेस." आणि मग म्हणाली, "तुमच्या वेळी असलं काही नव्हतं, म्हणून तुला कळत नाही." हे दुसरे वाक्य तिने बोलायला नको होते. फोन ठेवल्यावर मी नवी वही काढली, समास आखला, आणि आता लिहायला बसले आहे. जन्मभर इंग्रजी शिकवलेल्या बाईने हे मराठीत का लिहावे असे तुम्हाला वाटेल. यातली माणसे मी इंग्रजीत बोलवून पाहिली. ती सगळी खोटे बोलू लागली. तेव्हा अडेल तिथे आईकडून वाचून घ्या. तिलाही तेवढाच सराव.

आमच्या वेळी सगळे होते. पूर्व विदर्भात, केशोरीच्या पलीकडे, जंगलाला पाठ टेकून बसलेले आमचे गाव. तिथे सातवीपर्यंत शाळा होती, आणि सातवीनंतर हुशार मुलीपुढे पर्यायांची नुसती रेलचेल. नऊ मैलांवर एक हायस्कूल होते. मुलींना तिथे अजिबात बंदी नव्हती. वाटेत एक बिनपुलाचा नाला होता आणि पावसाळ्यात तो कोणाचीच जात, धर्म किंवा मार्क पाहत नसे. दुसरा पर्याय गोंदियाचा. तिथे मुलींची शाळा होती, राइस मिलवाल्यांच्या आणि रेल्वेतल्या साहेबांच्या मुली रिक्षातून हिंदी बोलत तिथे जात. आमचीही एक आत्या गोंदियात राहायची, एका खोलीत, आठ जणांसह. तिने मोठ्या मनाने निरोप पाठवला होता की पोरीला पाठवा, फक्त झोपायची सोय दुसरीकडे बघा. तिसरा पर्याय लग्नाचा. त्या संस्थेला प्रवेश परीक्षा नव्हती, वयाची अट नव्हती, मुलाखतीत चालून दाखवले की निकाल जागच्या जागी, आणि गावातल्या निम्म्या मुली तिथे दरवर्षी पहिल्या फेरीतच लागत. चौथा पर्याय मात्र त्या वर्षी नव्यानेच निघाला होता. नागपूरला खेड्यांतल्या हुशार मुलामुलींसाठी एक निवासी शाळा सुरू झाली होती. राहणे, जेवणे, पुस्तके सगळे सरकारचे, शिकवणे इंग्रजीतून, आणि प्रत्येक गावच्या शाळेने एकच नाव पाठवायचे. एकच. सरकारला ठाऊक असावे की एका गावात एकाच वेळी दोन हुशार मुले जन्माला आली तर गैरसोय होते.

आमचे घर दोन खोल्यांचे, पुढे पडवी. भिंतीवर दोन तसबिरी होत्या. एकीतले डोळे मिटलेले होते आणि दुसरीतले चष्म्यातून सरळ आमच्याकडे पाहत. डोळे मिटलेल्या तसबिरीसमोर थोडा आळस चालून जाई, चष्म्यासमोर नाही. बाबा त्या दुसऱ्या तसबिरीखाली बसून पंधरा दिवसांचे जुने वर्तमानपत्र मोठ्याने वाचत, जणू बातमी आत्ताच घडली आहे. उन्हाळ्यात ते तेंदूपत्त्याच्या कामावर जंगलात असत, पावसाळ्यात दुसऱ्याच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, रोवणीला, आणि उरलेल्या वेळात माझ्या शिक्षणावर. माय बिड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला ओल्या कपड्यात गुंडाळलेली पाने. पत्र्याचा नमुना पानावर ठेवायचा आणि त्याच्या कडेने कात्री फिरवायची, हे काम माझे. माझी पाने एका मापाची निघत, एकही वाकडे नाही. ठेकेदाराचा माणूस म्हणायचा की या पोरीचा हात यंत्राचा आहे. माझी हुशारी इतक्या स्पष्ट शब्दांत त्याआधी कोणी कबूल केली नव्हती.

घरात दिवसभर दोन आवाज असत. शेजारच्या पडवीत भात कांडायची ढेकी चालायची, पायाने दाबली की धप्प; आणि आमच्याकडे कात्री. माय बोलत असताना कात्री चालूच राही, म्हणजे ते नुसते बोलणे. कात्री थांबली की समजावे, आता माय काहीतरी म्हणणार आहे. जेवायला भात, लाखोरीची डाळ, आणि बोडीतले, म्हणजे गावतळ्यातले झिंगे मिळाले तर त्यांची तिखट चटणी. पावसाळ्यात कोवळ्या बांबूची, म्हणजे वास्त्यांची भाजी. तुमच्या आईने मागे मला सांगितले की तुमच्याकडे बांबूचे कोंब डब्यात मिळतात आणि चांगलेच महाग असतात. ऐकून समाधान वाटले. आम्ही श्रीमंत होतो, फक्त कोणी वेळेवर कळवले नाही.

सातवीच्या केंद्र परीक्षेत मी पहिली आले. हेडमास्तर गुरुजींनी मला शाळेत बोलावले, नागपूरच्या शाळेचा फॉर्म टेबलावर पसरला, दौतीत टाक बुडवला आणि सुंदर अक्षरात भरायला घेतला. नाव, सुजाता. बापाचे नाव. गाव. मार्क. मग त्यांनी शाळेचे मोठे रजिस्टर उघडले, त्यातल्या एका ओळीवर बोट ठेवले आणि टाक खाली ठेवला.

"पोरी, तू तं चौदा वर्षांची हायस."

"मी बारा वर्षांची हाव, गुरुजी."

"कोण सांगतलं?"

"माय सांगते."

"मायच्या सांगण्याले कोन पुसते? रजिस्टर काय म्हन्ते थे पाय. तेराच्या वर वय नोको म्हन्ते सरकार. तू एका वर्षानं म्हातारी झाली."

आता हे कसे झाले ते सांगते, कारण ईशाला ज्या चार पेपरांतून हुशार ठरवणार आहेत त्यापेक्षा आमची पद्धत फार सोपी होती. आमच्याकडे मूल शाळेत आले की गुरुजी त्याला उभे करत आणि सांगत, उजवा हात डोक्यावरून ने आणि डावा कान पकड. कान हाताला लागला तर मूल सहा वर्षांचे. नाही लागला तर घरी जा, वाढून ये. जन्मतारीख कोणाच्याच आईबापाला ठाऊक नसे, म्हणून ती गुरुजी देत, आणि ते न्यायी असल्यामुळे सगळ्यांना एकच देत: एक जुलै. आमच्या वर्गातली सगळीच्या सगळी मुले एक जुलैला जन्मली होती. एवढ्या सुइणी त्या दिवशी गावात कुठून आल्या असतील हे मला अजून कळलेले नाही. मी शेजारच्या मुलीच्या मागे मागे पाच वर्षांची शाळेत गेले. माझे हात बांबूसारखे लांब. कान तर लागलाच, बोटे पुढे जाऊन हनुवटीला टेकली. गुरुजींना त्या वर्षी पटसंख्या कमी पडत होती. ते म्हणाले, कानाला सहा, हनुवटीला सात, आणि सात लिहिले. मायने तेव्हा हरकत घेतली नाही. मुलगी एक वर्ष लवकर शाळेत जाते, दुपारी सुपाजवळ लुडबुड करत नाही, हेच पुष्कळ होते.

गंमत पाहा, तोच टाक उलटाही चालत असे. गावच्या पाटलांचा पुतण्या मोरेश्वर मागच्या तीन वर्षांपासून बारा वर्षांचा होता. त्याला मिसरूड फुटली होती, पण रजिस्टरात नाही. सातवीत तो दोनदा राहिला आणि प्रत्येक वेळी त्याचे वय त्याच्यासाठी थांबून राहिले. गुरुजी मनाने वाईट नव्हते. त्यांनी दोन्ही गोष्टी सांगितल्या. तहसिलीत कोतवालाचे पुस्तक असते, गावात कोण जन्मले आणि कोण मेले ते कोतवाल त्यात लिहून देतो; तिथून खरा दाखला आणला तर मी तारीख बदलतो. मायबाप दोघेही लागतील. शनिवारी सकाळी फॉर्म टपालात पडायला हवा. "नाही आला दाखला तं मंग मोरेश्वरचं नाव टाकाव लागते. मले एक नाव पाठवाच लागते, पोरी. कोरा कागद पाठवू का?" त्या दिवशी बुधवार होता.

बाबांनी हे ऐकले आणि एकदम उभे राहिले, जसे सभेत राहत. "उद्या नाही, परवाच जाऊ. सुजाताची माय, आयकून राहिली का? परवा तहसिलीत जाणं हाय."

कात्री थांबली. "कायले?"

"पोरीचं वय बराबर कराले. नागपूरले शिकन पोरगी."

"मी नाही येत जी. अना पोरगीबी नाही जात."

"काऊन नाही जात? गावात पयली आली. हुशार हाय."

"हुशार हाय म्हणून घरातून काढाची?" माय म्हणाली. "मठ्ठ असती तं ठेवली असती का नाही मायजवळ?"

बाबांनी तसबिरीकडे पाहिले. तिथूनही मदत आली नाही. मीसुद्धा पुढे अनेक वर्षे या प्रश्नाचे उत्तर शोधले आहे. चांगली चांगली पुस्तके वाचून शोधले आहे. तुमची आई हुशार निघाली तेव्हा मी तिला पुण्याला पाठवले, पुण्यात ती आणखी हुशार निघाली म्हणून तिला समुद्रापलीकडे पाठवले, आणि आता ती दर रविवारी माझ्या गुडघ्यांची चौकशी करते. तिचा मामेभाऊ दहावीत तीनदा बसला. तो माझ्या मागच्याच गल्लीत राहतो आणि रोज संध्याकाळी भाजी आणून देतो. गोंदियात मुर्रीच्या कडेला जिथे मी राहते तिथे डोक्यावरून सारखी छोटी विमाने फिरतात. जवळच्या बिरसीच्या विमानतळावर वैमानिकांना शिकवतात, देशभरातली हुशार मुले येतात तिथे. आठवडे न् आठवडे ती वर गिरक्या घेत असतात. माझ्या शेजारीणबाई म्हणतात, उडायला लगेच येते म्हणे त्यांना, उतरायला शिकण्यातच सगळा वेळ जातो.

शुक्रवारी माय आली. का आली ते मला विचारू नका, तिने कोणालाच सांगितले नाही. सूप, पाने आणि तंबाखूची पिशवी फडक्यात बांधून तिने डोक्यावर घेतली, कारण तहसिलीला गेले म्हणून त्या दिवसाच्या बिड्या आपोआप वळल्या जाणार नव्हत्या. सकाळच्या बसने आम्ही पोचलो. कचेरीच्या व्हरांड्यात माय एका खांबाला टेकून बसली, सूप मांडीवर घेतले आणि वळायला लागली. बाबा आणि मी आत. आतमध्ये बडे बाबू होते. ते गोंदियाकडचे, अर्धे हिंदी बोलायचे. त्यांनी आम्हाला दुपारपर्यंत बसवून ठेवले. त्यात आकस काही नव्हता. सकाळी आलेल्या माणसाचे काम सकाळी केले तर दुपारी आलेल्यांचा गैरसमज होतो. तीनच्या पुढे त्यांनी लाल कपड्यातले गाठोडे सोडले, धूळ झटकली, आणि आमच्या गावची पाने उलटू लागले.

"ये देखो. तुमचंच नाव ना? मुलगी झाली." त्यांनी वरचे साल पाहिले, शाळेचा कागद पाहिला. "बराबर चौदा साल. स्कूल का रेकॉर्ड एकदम करेक्ट आहे. जा."

बाबा तसेच उभे राहिले. मग हळू म्हणाले, "साहेब, समोर पाहा जी. आणखी एक असन."

बडे बाबूंनी दोन पाने पुढे उलटली. तिथे पुन्हा बाबांचे नाव होते, आणि पुढे पुन्हा, मुलगी. पहिलीनंतर दोन वर्षांनी. मी बाबांकडे पाहिले. घरात तर मुलगी मी एकटीच होते. माझ्या पाठचे दोन्ही भाऊ. बाबांनी माझ्याकडे पाहिले नाही. बडे बाबूंचे बोट मात्र कामाला लागले होते, ते आणखी एक पान पुढे गेले आणि मृत्यूच्या रकान्यात थांबले. बाबांचे नाव, मुलगी, ताप. वयाच्या जागी शाईचा डाग. नाव तिन्ही ठिकाणी नाही. कोतवाल जन्मलेल्या मुलींची नावे लिहीत नसे आणि मेलेल्यांचीही नाही. तेवढा तरी तो निष्पक्ष होता.

"दो लडकी. एक मेली." बडे बाबूंनी चष्मा काढला. "मेली ती कोणती? बडी की छोटी?"

"मोठी, साहेब."

"लिखा है क्या?"

"नाही जी, पण..."

"मग छोटी मेली असेल. छोटेच जास्त मरतात. म्हणजे ही मोठी. म्हणजे चौदा. स्कूल करेक्ट."

आज हे लिहिताना मला हसू येते, त्या वेळी आले नाही. मला बहीण होती हे मला त्या क्षणी कळले, आणि ती मेली हे त्याच्या पुढच्या क्षणी. आणि त्या पुस्तकाप्रमाणे, मेलेली मीच असण्याची शक्यता बरोबर निम्मी होती. पुढे गणितात मला कधी संभाव्यता शिकवावी लागली नाही याचा मला आनंद आहे.

"तुमाले तारीख आठवते का जन्माची?" बडे बाबू बाबांना म्हणाले. "कोणतीही. एखादा सबूत?"

बाबा, ज्यांना पंधरा दिवसांपूर्वीची बातमी पाठ असायची, त्यांनी शाळेचा कागद उलटासुलटा करून पाहिला. आमच्या घरातल्या मुलींनी जन्मताना बाबांची सवड पाहिली नव्हती. दोन्ही वेळा ते पत्त्याच्या कामावर जंगलात होते. "तिच्या मायले माहीत असन," ते म्हणाले.

मला मायला बोलवायला पाठवले. ती बिडीला दोरा गुंडाळत होती. मी काय सांगितले ते आठवत नाही. तिने हातातली बिडी पूर्ण केली, सुपात ठेवली, हात लुगड्याला पुसले आणि आत आली. बडे बाबूंनी तिला प्रश्न सांगितला. अगदी मोठ्याने सांगितला, कारण माणसाला लिहिता येत नसले की ऐकूही येत नाही असा कचेऱ्यांचा अनुभव असतो. माय काहीच बोलली नाही. भिंतीवरचे घड्याळ टकटकत होते. शेवटची बस पाचला होती आणि कचेरी त्याआधीच बंद होणार होती. मायला फक्त गप्प राहायचे होते. त्या दिवशी ती आणखी थोडा वेळ गप्प राहिली असती तर मी चौदाची झाले असते, तिच्याजवळ राहिले असते, आणि कोणी तिला दोष दिला नसता. हे मला तेव्हाही कळत होते. मी हुशार होते.

माय माझ्याकडे पाहत होती. मग बडे बाबूंकडे वळली.

"मोठी मेली," ती म्हणाली. "हे लहानी हाय."

"कशावरून, बाई?"

"कशावरून म्हन्जे? दोन पोरीतली कोन्ती जिती हाय थे मले समजन का तुमच्या पोथीले?"

"बाई, सबूत लागते."

"सबूत घ्या ना." मायचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "मोठी झाली तवा आमच्या घरी देव होते. देव्हाऱ्यापुढं नारळ फोडला, मंग नाव ठेवलं. पुढच्या साली आमी देव टोपलीत घातले अना बोडीत सोडून आलो. साऱ्या मोहल्ल्यानं सोडले, तुमालेबी माहीत हाय कोन्तं साल थे. हे पोरगी त्याच्या दुसऱ्या साली झाली. हिच्या टायमाले घरात देव नव्हते. नारळ कोणापुढं फोडाव? मेणबत्ती लावली, नाव ठेवलं सुजाता. आता पाहा तुमच्या पुस्तकात."

बडे बाबूंनी पाहिले. ते साल त्यांनाच काय, त्या भागातल्या प्रत्येक माणसाला पाठ होते; ज्यांना आवडले त्यांना आणि ज्यांना आवडले नाही त्यांनाही. बोटांवर हिशेब केला. दुसरी नोंद बरोबर बसत होती. त्यांनी टाक उचलला. त्यांच्याविषयी मला एवढेच सांगायचे आहे की पटल्यावर त्यांनी वेळ काढला नाही. दुसऱ्या नोंदीपुढे सुजाता लिहिले, मृत्यूच्या नोंदीपुढे 'मोठी' असे लिहिले, दाखला तयार केला, शिक्का उमटवला, आणि शाईची गादी मायपुढे सरकवली. "अंगठा."

मायने हात पुढे केला नाही.

"तिचं नाव लिवा."

"लिहिलं ना. सुजाता."

"हिचं नाही. मोठीचं."

"बाई, मयताचं नाव लागत नाही. दाखला जितीचा आहे."

"जितीचं लिवलं तं मेलीचं काऊन नाही लिवत? तिले नाव नव्हतं का?"

बाबा म्हणाले, "सुजाताची माय, बस जाईन." ती आमच्या गावाची शेवटची बस होती, तिच्यानंतर थेट दुसऱ्या दिवशी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टपाल. बडे बाबूंनी घड्याळाकडे पाहिले, शिपायाकडे पाहिले, तो दाराशी कुलूप घेऊन उभाच होता. मला वाटले, आता गेले. माय लुगड्यात हात गुंडाळून उभी होती. माझे सगळे नागपूर त्या लुगड्यात गुंडाळलेले होते, आणि ते तिथून काढायचे धाडस त्या कचेरीत कोणालाच नव्हते.

"क्या नाम था?" बडे बाबूंनी शेवटी विचारले.

ते नाव मायने किती वर्षांत उच्चारले नव्हते कोण जाणे. "भागरता," ती म्हणाली.

त्यांनी लिहिले. मायने पुस्तक माझ्याकडे वळवायला लावले. "वाच वं."

मी वाचले. "भागरता."

"आणखी वाच."

मी पुन्हा वाचले. ती पानावर वाकली होती, तिला एक अक्षर येत नव्हते, तरी डाव्या बाजूपासून उजव्या बाजूपर्यंत नजर सावकाश फिरवली, जशी मी फिरवत होते. मग तिने अंगठा शाईत बुडवला आणि दाखल्यावर दाबला. तंबाखूने पिवळा झालेला अंगठा निळा झाला.

पुढचे सगळे झपाट्याने झाले. शनिवारी फॉर्म टपालात पडला. मोरेश्वरचे वय लगेच वाढायला लागले आणि वर्षभरात तो एकदम सोळाचा झाला. नागपूरला परीक्षा झाली. तिच्यातला एकही प्रश्न मला आठवत नाही, मी पास झाले एवढे मात्र खरे. तिथे मला हुशार मुलींमध्ये ठेवले, माझी भाषा धुऊन काढली, काटा कुठल्या हातात आणि चमचा कुठल्या ते शिकवले, आणि सगळ्या वस्तू जागच्या जागी ठेवायची सवय लावली, जिच्यावर तुम्ही दोघे सुट्टीत आल्यावर हसता. तुमच्या आईला म्हणावे, असलं काही आमच्या वेळीही होते, आणि क्लासही लागला नाही. एक शुक्रवार पुरला.

पण त्या शुक्रवारी आम्हाला बस मिळाली ती धावत धावत. बाबा पुढे कंडक्टरशेजारी उभे राहून त्याला सगळी हकीकत सांगत होते. माय आणि मी मागच्या बाकावर, मध्ये सूप. बाहेर रोवणी झालेल्या बांध्या मागे जात होत्या, पाण्यात उभे हिरवे भात. माय खिडकीकडे तोंड करून बसली होती. मला खूप काही विचारायचे होते, आणि माझ्या त्या वयाच्या अकलेप्रमाणे मी नेमके चुकीचे विचारले.

"माय, भागरता हुशार होती का?"

तिने सूप स्वतःकडे ओढून घेतले. मला वाटले ऐकू गेले नसेल, बस फार खडखडत होती.

"नाही वं," ती म्हणाली. "कायची हुशार. दिवसभर माह्या मांगं मांगं राहे. पाण्याले गेली तं पाण्याले, जंगलात गेली तं जंगलात. पदर सोडत नव्हती."

बस नाल्यात उतरली, पाणी चाकांवरून उडाले, आणि पलीकडे चढली. माय अजून बाहेरच पाहत होती.

"तू जाजो," ती म्हणाली.